गळा आणि भाता

कुमार गंधर्वांचा विषय निघाला की आमच्या सीमाभागात 'दैवी गळा' हा शब्द हमखास कानी येतो. ते साहजिकच आहे, कारण 8 एप्रिल 1924 रोजी ते जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचे मूळ नाव. परंतु ज्या आजाराने त्यांचे गाणे काही वर्षे थांबवले, तो गळ्याचा नव्हता. निकामी झाले ते फुप्फुस. इतिहासाच्या दृष्टीने हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

आम्ही शिक्षक स्वरयंत्राची आकृती फळ्यावर काढतो, चार नावे देतो आणि तीन गुणांचा प्रश्न विचारून मोकळे होतो! वस्तुतः स्वरयंत्र ही मुळात श्वासनलिकेच्या तोंडावरची राखणदार झडप आहे. अन्नाचा कण आत जाऊ नये, हे तिचे पहिले काम. आवाज ही मागाहूनची कमाई. दोन स्वरतंतू जवळ येतात, खालून फुप्फुसातील हवा त्यांना ढकलते, ते उघडतात आणि पुन्हा मिटतात. साधे बोलताना पुरुषाच्या गळ्यात ही उघडझाप सेकंदाला सुमारे सव्वाशे वेळा होते, स्त्रीच्या गळ्यात दोनशेच्या आसपास. गाय, घोडा, कुत्रा यांचीही रचना मूलतः हीच. कोकिळाची गोष्ट मात्र वेगळी. पक्ष्यांचा आवाज गळ्याच्या वरच्या टोकाला निर्माण होत नाही. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे, छातीत, त्यांचे नादयंत्र असते.

जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पाहण्याचा मार्ग एका गायनशिक्षकाने दाखवला, ही गोष्ट आमच्या संगीतप्रेमींना आवडावी. मॅन्युएल गार्सिया यांनी 1854 मध्ये दंतवैद्याच्या छोट्या आरशाने स्वतःचाच गळा न्याहाळला. आपल्याकडे प्रा. बी. आर. देवधरांनी आवाजाच्या शास्त्राचा असाच ध्यास घेतला होता. त्यांच्या मुंबईच्या विद्यालयात बालवयातले कुमार दाखल झाले. पुढे प्रत्येक मुलाचा फुटतो तसा त्यांचाही आवाज फुटण्याचे वय आले असणार. घाटी वर येते, तंतू लांब आणि जाड होतात. आठवी-नववीच्या वर्गात प्रार्थना सांगणाऱ्या मुलांची ही फजिती मी दरवर्षी पाहतो. अनेक बालगायक या वळणावर हरवतात. कुमार हरवले नाहीत.

घाला पुढेच होता. क्षयाने गाठल्यावर 1948 साली कोरड्या हवेसाठी ते माळव्यात, देवासला आले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली होती. गळा शाबूत, पण भाता फाटलेला! पेटीवाल्यांना यातले दुःख लगेच उमगेल. पत्नी भानुमतींनी त्यांची शुश्रूषा केली, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लागू पडले. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले, ते एका फुप्फुसाच्या बळावर.

आखूड तान, मध्येच थांबणे, एकदम उसळणारा स्वर या साऱ्याचे कारण ते एक फुप्फुस, असे सर्रास सांगतात. मला हे अर्धसत्य वाटते. दम कमी पडल्याने फार तर गाणे तोकडे होईल, नवे कसे होईल? अंथरुणावरच्या त्या वर्षांत कुमारांनी माळव्याची लोकगीते ऐकली, नंतर त्या धुनांचा कसून अभ्यास केला. त्या गाण्यांत श्वासाचा हिशेब निराळाच असतो.

देवास जिल्ह्यातल्याच पीपलरावां येथे आमचे एक नातलग आहेत. त्यांच्याकडे एका रात्री कबीराची भजने ऐकली, तेव्हा हे ध्यानात आले. तंबुरा घेतलेला शेतकरी अर्धी ओळ म्हणून थांबे. साथीदार ती उचलून धरीत, मंजिरा वाजत राही, आणि तेवढ्यात तो छाती भरून घेई. कोणालाही ती विश्रांती उणी वाटत नव्हती. गाण्याचाच तो भाग होता.

कुमारांनी मैफलीत निर्गुणी भजने आणली, 'अनूपरागविलास'मध्ये बंदिशी दिल्या. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. अर्ध्या भात्यावर ते सुमारे 39 वर्षे गायले.