'देशमुख' : पदाकडून आडनावाकडे (नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात)

आडनावावरून जात व कूळ ठरविण्याची प्रवृत्ती स्थानिक इतिहासलेखनात अद्याप आढळते. 'देशमुख' या आडनावाबाबत तरी ती अभ्यासकाची दिशाभूल करते.

येथे 'देश' म्हणजे परगणा. गावाचा प्रमुख पाटील, त्याचा हिशेबनीस कुलकर्णी. तसा परगण्याचा प्रमुख देशमुख आणि दप्तर सांभाळणारा देशपांडे. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या काळात ही व्यवस्था दृढ झाली. वतन वंशपरंपरागत असल्याने पदाचे नावच घराण्यास चिकटले व मूळ आडनाव मागे पडले. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख (१८२३-१८९२) यांचे घराणे मूळचे सिधये. मराठवाड्यातच पाहिले तर बाभळगावचे विलासराव देशमुख (१९४५-२०१२) मराठा, तर हिंगोलीकडील कडोळीचे नानाजी देशमुख (१९१६-२०१०) ब्राह्मण. स्कॉटलंडमध्येही राजगृहाच्या वंशपरंपरागत कारभाऱ्याचे 'स्ट्यूअर्ड' हे पद 'स्ट्यूअर्ट' आडनाव बनले. १३७१ मध्ये ते घराणे गादीवरच आले. देशमुखांच्या वाट्याला मात्र उलट प्रवास आला. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी लागू केली, वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे गेली आणि देशमुखांकडे मुख्यतः रोख रसूम उरला. १९४८ मध्ये संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाल्यानंतर तोही आधार गेला. आडनाव राहिले.

परंतु वतन होते म्हणून आडनाव झाले, एवढे स्पष्टीकरण पुरेसे नाही. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलंगणातही, त्याच निजामाच्या राज्यात, देशमुख होतेच. १९४६ मध्ये सुरू झालेल्या सशस्त्र लढ्यात विसनूरचे देशमुख रामचंद्र रेड्डी यांचे नाव गाजले. तेथे 'देशमुख' ही बहुधा पदवीच राहिली. तेलुगू नामपद्धतीत घराण्याचे नाव, म्हणजे 'इंटि पेरु', व्यक्तिनामाच्या आधी येते आणि पदामुळे ते सहसा बदलत नाही. मराठीत मात्र आडनावाची जागा पद किंवा गाव सहज घेते : कुलकर्णी, पाटील, औसेकर, कंधारकर. निलंगेकर व चाकूरकर या घराण्यांत तर 'पाटील' आणि गाव दोन्ही एकत्र नांदतात. पद एक, राज्यही एक. फरक पडला तो भाषेच्या नामपद्धतीने.

म्हणूनच केवळ शाळेच्या दाखल्यांतील किंवा मतदार याद्यांतील आडनावे मोजून जमीनधारणेचे अथवा जातीचे चित्र रेखाटणे धोक्याचे ठरते. त्यासाठी वतनाचे कागद, वाटणीपत्रे व महजर पाहावे लागतात. सोयरीक जुळविणारी मंडळी याबाबतीत अधिक सावध असतात. समोरचे घराणे देशमुख आहे एवढ्यावर त्यांचे भागत नाही. पुढचा प्रश्न कुळीचा असतो.