थायमसच्या हाकेची कुळकथा

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस ही मऊ, दोन पाळ्यांची ग्रंथी असते. मराठी ग्रंथांत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हटले आहे. माणूस वयात आला की ती आक्रसू लागते आणि तिच्या जागी चरबी साठत जाते. आपल्या टी-पेशी, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, इथे घडतात, पण त्या मूळच्या इथल्या नव्हेत. अस्थिमज्जेतून निघालेल्या कच्च्या पेशी रक्तावाटे येतात, ग्रंथीत दोन-तीन आठवडे काढतात आणि वाचल्याच तर तयार होऊन पुन्हा रक्तात उतरतात. त्यांना आत बोलावणारे, आत फिरवणारे आणि बाहेर सोडणारे संकेत रासायनिक आहेत. एवढे कळायला विसावे शतक सरले. त्याआधी या ग्रंथीविषयीच्या अज्ञानाची फार मोठी किंमत लहान मुलांनी मोजली.

१८८९ साली व्हिएन्नात आर्नोल्ड पाल्टाउफ यांनी अचानक दगावलेल्या मुलांची शवविच्छेदने केली. त्यांना थायमस ‘मोठी’ दिसली आणि मृत्यूचे कारण तिच्या माथी आले. पण मोठी म्हणजे कशापेक्षा? शरीररचनेच्या अभ्यासाला मिळणारी शवे बहुतेक गरिबांची, दीर्घ आजाराने आणि उपासमारीने खंगलेल्यांची असत. आजारपणात आणि उपासमारीत ही ग्रंथी झपाट्याने सुकते. त्या सुकलेल्या ग्रंथीचे माप प्रमाण धरल्यावर धडधाकट मुलाची ग्रंथी रोगट ठरणारच. पुढे कित्येक दशके अमेरिकेत आणि इतरत्र तान्ह्या बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ती लहान केली गेली. त्यांतल्या अनेकांना मोठेपणी थायरॉइडचा कर्करोग झाला. गरिबीच्या खुणा शरीराचा नियम म्हणून पुस्तकात शिरल्या आणि त्याचे भोग निरोगी लेकरांच्या वाट्याला आले. वैद्यकाच्या इतिहासातले इतके क्लेशदायक प्रकरण मला दुसरे चटकन आठवत नाही.

ग्रंथीचे खरे काम उजेडात आणले जाक मिलर यांनी, १९६१ साली लंडनमध्ये. ते खरे तर उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. त्यासाठी त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांची थायमस काढली. मोठ्या उंदरातून ती काढली तर फारसे काही बिघडत नसे, पण ही पिले दूध सुटल्यानंतर झुरू लागली. रक्तातल्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्या पांढऱ्या पेशींत मोडतात त्या) घटल्या, जंतुसंसर्ग जडले. परक्या वंशाच्या उंदराची त्वचा लावली तरी त्यांचे शरीर ती झिडकारेना, रॅट या वेगळ्या प्रजातीचीसुद्धा नाही. तरीही बडे शास्त्रज्ञ लगेच पटले नाहीत. १९६० सालचे नोबेल मिळवलेले पीटर मेडावारही थायमसमधल्या लिम्फोसाइट हा उत्क्रांतीतला एक किरकोळ अपघात मानत होते.

आता पुढचा प्रश्न होता, या पेशी येतात कुठून? ग्रंथी स्वतःच त्या घडवते, असे मानणारे पुष्कळ होते. १९६७ साली माल्कम मूर आणि जॉन ओवेन यांनी कोंबडीच्या दोन भ्रूणांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या. एक भ्रूण नर, दुसरा मादी. एकाच्या थायमसमध्ये दुसऱ्याच्या लिंगगुणसूत्रांच्या पेशी सापडल्या. म्हणजे पेशी रक्तातून आल्या होत्या.

यानंतरचा फ्रान्समधला प्रयोग मला या साऱ्या कुळकथेतला सर्वांत देखणा वाटतो. निकोल ल दुआरँ यांच्या लक्षात आले होते की, जपानी लावा पक्ष्याच्या पेशीकेंद्रकात क्रोमॅटिनचा, म्हणजे गुणसूत्रांच्या द्रव्याचा, एक ठळक गठ्ठा दिसतो आणि कोंबडीच्या केंद्रकात तो दिसत नाही. रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कोणती पेशी कुणाची, हे नजरेनेच ओळखता येते. १९७५ साली त्यांनी आणि फ्रान्सीन जोतेरो यांनी लाव्याच्या भ्रूणातला थायमसचा कोंब कोंबडीच्या भ्रूणात लावला. वाढलेल्या ग्रंथीची चौकट लाव्याची राहिली, पण तिच्यातल्या लिम्फोसाइट कोंबडीच्या निघाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पेशी हव्या तेव्हा आत शिरत नव्हत्या. लाव्याचा कोंब त्यांना सुमारे एक दिवस ओढतो, कोंबडीचा सुमारे दीड दिवस. मग दार मिटते आणि काही काळाने पुढची लाट येते. त्या वयात कोंबाच्या आत रक्तवाहिन्याही नसतात. पेशी शेजारच्या वाहिनीतून बाहेर पडतात आणि मधली ऊती ओलांडून तिथे पोहोचतात. काहीतरी त्यांना बोलावत होते, हे स्पष्ट झाले. त्या ‘काहीतरी’ला मात्र अजून नाव नव्हते.

नाव मिळायला आणखी वीस-बावीस वर्षे गेली. १९८७च्या सुमारास केमोकाइन या प्रथिनांचा शोध लागू लागला. पेशी आपल्या अंगावरच्या ग्राहकाने ही प्रथिने टिपते आणि ती जिथे दाट असतील तिकडे सरकते. बाजारात मोगऱ्याच्या वाढत्या वासावरून गजरेवालीपर्यंत जावे, तसेच. १९९७ साली थायमसमध्ये भरपूर आढळणारे एक केमोकाइन सापडले, आज ते सीसीएल-२५ म्हणून ओळखले जाते. सीसीएल-२१ आणि सीएक्ससीएल-१२ हेही या बोलावण्यात सामील आहेत, असे पुढे दिसले.

हाक आत शिरल्यावर थांबत नाही. मोठ्या प्राण्यात पेशी ग्रंथीच्या बाह्यक आणि गाभा यांच्या सीमेवर उतरतात, तिथून बाहेरच्या आवरणाकडे जातात आणि मग उलट फिरून गाभ्याकडे येतात. बाह्यकात त्यांची पहिली परीक्षा होते. ज्यांना स्वतःच्या शरीराचे ओळखपत्र वाचता येत नसेल, त्या पेशी तिथेच मरतात. जी उत्तीर्ण होते, तिच्या अंगावर सीसीआर-७ हा ग्राहक उगवतो आणि गाभ्यातले सीसीएल-२१ तिला ओढून घेते. गाभ्यात शरीरभरच्या ऊतींमधली प्रथिने नमुन्यादाखल मांडलेली असतात. आपल्याच प्रथिनावर तुटून पडणारी पेशी तिथे नष्ट केली जाते किंवा शांतता राखणारी पेशी म्हणून वेगळ्या वळणाला लावली जाते. शेवटी शंभरातल्या पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. हा प्रवास मोडला तर काय होते, हे जपानमध्ये योसुके ताकाहामा यांच्या गटाने दाखवले. ही हाक ऐकू न येणाऱ्या उंदरांत पेशी गाभ्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, आणि त्या उंदरांच्या अश्रुग्रंथींवर त्यांच्याच रोगप्रतिकारशक्तीने हल्ला केला. पेशी कोणती आहे याइतकेच ती कुठल्या वेळी कुठे उभी आहे, हेही निर्णायक असते.

बाहेर पडण्याचा संकेत तर बुरशीतून उलगडला. कीटकांच्या अळ्यांवर वाढणाऱ्या बुरशा पूर्व आशियातल्या पारंपरिक औषधांत वापरल्या जातात. त्यांतल्या एका बुरशीतून जपानमध्ये तेत्सुरो फुजिता आणि सहकाऱ्यांनी रोगप्रतिकारशक्ती दाबणारा रेणू वेगळा केला, त्यात बदल करत एफटीवाय-७२० बनवला. तो दिल्यावर रक्तातल्या लिम्फोसाइट झपाट्याने घटत. मात्र त्या मरत नव्हत्या, थायमसमध्ये आणि लसिका ग्रंथींत अडकून राहत होत्या. २००४ साली जेसन सिस्टर यांच्या गटाने कारण दाखवले. रक्तात एस-वन-पी हा स्निग्ध रेणू मुबलक असतो, ऊतींत अगदी कमी. तयार टी-पेशीच्या अंगावर त्याचा ग्राहक येतो आणि त्या फरकाच्या ओढीने ती रक्तात उतरते. औषधाने तो ग्राहकच पेशीच्या आत खेचला जातो, मग तिला बाहेरची हाक ऐकू येत नाही. हेच औषध फिंगोलिमॉड या नावाने २०१० पासून अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना मिळू लागले.

हाका इतक्या, तर किमान किती पुरतील? जर्मनीत फ्रायबुर्ग इथे थॉमस बेम यांच्या गटाने २०१२ साली याचे उत्तर शोधले. फॉक्स-एन-१ जनुक बिघडलेल्या उंदरात थायमसची चौकट घडत नाही. त्या मुक्या कोंबात त्यांनी एकेक संकेत घालून पाहिला. सीएक्ससीएल-१२ पेशींना ओढून आणत होते, पण ओढून आणणे पुरेसे नव्हते. डीएलएल-४ हा दुसरा संकेत सोबत असला, तरच आलेल्या पेशी टी-पेशींच्या वाटेला लागत होत्या. हाक आणि दीक्षा, दोन्ही लागतात.

काही बाळे थायमसशिवाय जन्मतात. त्यांच्यासाठी ड्यूक विद्यापीठात लुईझ मार्कर्ट यांनी अनेक वर्षे खपून एक उपचार उभा केला, त्याला अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. दुसऱ्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत वाट मोकळी करण्यासाठी थायमसचा तुकडा काढावा लागतो आणि तो एरवी फेकला जातो. तो दोन-तीन आठवडे संवर्धनात ठेवतात, आधीच्या बाळाच्या टी-पेशी त्यातून झडू देतात आणि मग त्याच्या पातळ चकत्या रुग्ण बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. छातीपासून इतक्या दूर, परक्या चौकटीतून हाक जाते, बाळाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी मांडीत येतात आणि सहा महिने ते वर्षभराने त्याच्या रक्तात त्याच्याच नव्या टी-पेशी दिसू लागतात.