चौकटीतला काळा चेहरा

दलित साहित्याचे निग्रो साहित्याशी नाते सांगताना आपण कवितेची आणि कादंबरीची उदाहरणे देतो. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे आपल्या चर्चासत्रांतून इतकी फिरली की ती आता आपल्याच गावची वाटतात. पण त्याच अमेरिकेत दहा-पंधरा सेंटांच्या कॉमिक्समधून काळ्या माणसाच्या माणूसपणाचे जे भांडण लढले गेले, त्याकडे आपले लक्ष गेले नाही. कारण उघड आहे. कॉमिक म्हटले की आपल्यापुढे पाठीला झूल बांधून उडणारा गोरा महाबली उभा राहतो. इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ पासून आपल्या घरांत आणला तो फँटम. म्हणजे जंगलातल्या काळ्या लोकांचा गोरा तारणहार! तो आम्ही आवडीने वाचला, हेही कबूल केले पाहिजे. त्या महाबलींच्या पलीकडे दुसरे काही होते, हे आम्हांला कुणी सांगितले नाही.

जून १९४७. फिलाडेल्फिया शहरात ऑरिन इव्हान्स नावाच्या काळ्या पत्रकाराने 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढले. तो ज्या वर्तमानपत्रात काम करीत होता ते त्याच वर्षी बंद पडले होते. इतर कॉमिक्स दहा सेंटांना मिळत. याची किंमत पंधरा सेंट. त्यात काळा गुप्तहेर होता, काळी मुले होती, आफ्रिकेतल्या युरेनियमवर पहारा ठेवणारा शिकलेला काळा शास्त्रज्ञ होता. यातली रेघन् रेघ निग्रो चित्रकारांनी ओढली आहे, असे इव्हान्सने पहिल्याच निवेदनात अभिमानाने लिहिले. दुसऱ्या अंकाची तयारी झाली, आणि कागद मिळेना. पुरवठादारांनी त्याला कागद विकायचे नाकारले. कुणी बंदी घातली नाही, कुणी होळी केली नाही. कागदच दिला नाही, की काम भागते! आपल्यापैकी ज्यांनी अनियतकालिके चालवली आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. एकच अंक निघाला.

वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांचे मात्र वेगळे होते. तिथे काळ्यांची स्वतःची साप्ताहिके होती. 'पिट्सबर्ग कुरिअर'मध्ये जॅकी ऑर्म्स ही काळी चित्रकार १९४५ ते १९५६ पर्यंत एकाच चौकटीचे चित्र काढीत असे. त्यात धाकटी पॅटी-जो बोलते आणि थोरली बहीण जिंजर गप्प ऐकते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला, गोऱ्या बाईकडे पाहून शीळ घातल्याच्या आळावरून, हाल करून मारण्यात आले. गोऱ्या ज्यूरीने मारेकऱ्यांना सोडून दिले. काही दिवसांनी ऑर्म्सची पॅटी-जो स्वयंपाकघरातून येऊन बहिणीला सांगते, की नव्या पांढऱ्या किटलीने आपल्याला पाहून शीळ घातली. बस, एवढेच! मला वाटते, त्या खुनावर इतके कमी शब्द वापरून इतके जिव्हारी कुणी लिहिले नसेल.

आता १९५४ कडे येऊ. फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाचे, कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक त्या वर्षी गाजले. सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता केली. तिच्या कचेरीचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलीनासे झाले. या वर्थॅमला खलनायक ठरवण्याची तिकडे रीत आहे. मला ती पटत नाही. याच माणसाने १९४६ मध्ये हार्लेममध्ये काळ्यांसाठी नाममात्र फीचा दवाखाना काढला. वेगळ्या शाळांमुळे काळ्या मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याचा त्याचा अभ्यास, १९५४ च्या शालेय विभक्तीविरोधी ऐतिहासिक निकालामागच्या खटल्यांपैकी डेलावेअरच्या खटल्यात पुराव्यात आला. कॉमिक्समधली काळ्यांची विटंबनाही त्याने दाखवून दिली होती. संहितेतही कलम आले, की कोणत्याही धर्माची वा वंशाची टवाळी चालणार नाही.

कलम उत्तम. पण कलम राबवणारे हात कुणाचे, हा प्रश्न आपल्याला जन्मापासून माहीत आहे.

ई. सी. कॉमिक्स या प्रकाशनाने १९५३ मध्ये 'जजमेंट डे' ही आठेक पानांची कथा छापली होती. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑरलँडो. पृथ्वीवरून एक तपासनीस यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव अशा दोन वस्त्या. आतली यंत्रे सारखीच, फक्त वरचा पत्रा वेगळा; पण निळ्यांना बसमध्ये मागे बसावे लागते, त्यांच्या वस्तीत सोयी नाहीत, कामे हलकी. तपासनीस सगळे पाहतो आणि सांगतो, की तुमचा ग्रह अजून आमच्या संघराज्यात येण्याच्या लायकीचा नाही. यानात बसल्यावर तो हेल्मेट काढतो. शेवटच्या चौकटीत त्याचा चेहरा दिसतो. तो काळा आहे, आणि त्याच्या कातडीवर घामाचे थेंब ताऱ्यांसारखे चमकताहेत. त्याआधी गोऱ्या वाचकाने त्या हेल्मेटच्या आत, न विचारता, गोरा माणूस बसवलेला असतो. ही कथेची खरी खोच.

हीच कथा १९५६ च्या आरंभीच्या एका अंकासाठी पुन्हा संहिता-कचेरीकडे गेली. प्रमुख चार्ल्स मर्फी हे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी सांगितले, अंतराळवीर काळा चालणार नाही. फेल्डस्टीनचे म्हणणे, मग कथेत उरले काय? प्रकाशक विल्यम गेन्सने हे सारे वर्तमानपत्रांपुढे मांडण्याची धमकी दिली. तेव्हा मागणी उतरली ती घामाच्या थेंबांवर. चेहरा राहू द्या, थेंब पुसा! गेन्सने तेही ऐकले नाही. कथा जशीच्या तशी छापली गेली. तो ई. सी.चा शेवटचा कॉमिक अंक. पुढे त्याने फक्त 'मॅड' मासिक चालवले.

त्या घामावर मी पुष्कळ विचार केला. काळा माणूस प्रतीक म्हणून कदाचित खपला असता. घाम आला की तो राबणारा, जिवंत देह होतो. तो सोसवत नाही.

बाजाराची दारे अशी लागल्यावर कॉमिक दुसऱ्या वाटेने आले. डिसेंबर १९५७ मध्ये 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या शांततावादी संघटनेने 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द मॉन्टगोमेरी स्टोरी' ही सोळा पानांची चित्रकथा काढली. अडीच लाख प्रती छापल्या. स्टॉलवर नव्हे, तर चर्चमधून, शाळांतून, संघटनांतून ती वाटली गेली. मजकूर किंग यांनी स्वतः पाहिला होता. रोझा पार्क्सची अटक, ३८१ दिवसांचा बसबहिष्कार, आणि शेवटी सरळ कृतीचा पाठ: तयारी कशी करायची, शिव्या आणि मार खाताना काय करायचे. सभेत वाचून दाखवता येईल अशी ती पुस्तिका होती. तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरांत ती वापरणारे जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात शिकवीत होते. मॉन्टगोमेरीची बातमी त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली.

त्या पुस्तिकेत गांधींचे पान आहे. महाड नाही, काळाराम मंदिर नाही, आंबेडकर हे नाव नाही. १९२७ मध्ये सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी हजारो माणसे शांतपणे चालत गेली आणि परतताना मार खाऊनही त्यांनी हात उगारला नाही, हे बसच्या बाकासाठी लढणाऱ्यांना किती जवळचे वाटले असते! दोष अमेरिकनांना देऊन काय करायचे? तीन वर्षांत लॉसनना कुणी इंदोऱ्यात नेले असेल का? आमची गोष्ट चित्रांत येण्यासाठी २०११ उजाडावे लागले. त्या वर्षी दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी 'भीमायन' रंगवले, आणि पाश्चात्त्य कॉमिकची चौकट बाजूला सारून रंगवले.

ती सोळा पाने वाचणाऱ्यांत अलाबामातल्या शेतकरी घरातला जॉन लुईस हा पोरगा होता. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी त्याचे डोके फोडले. पुढे तो काँग्रेसचा सभासद झाला आणि अँड्र्यू आयडिन व चित्रकार नेट पॉवेल यांच्यासह त्याने आपल्या लढ्याची 'मार्च' ही चित्रकथा तीन भागांत, २०१३ ते २०१६ मध्ये, प्रसिद्ध केली. तिसऱ्या भागाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. पारितोषिक घेताना लुईस रडले. त्यांनी सांगितले, की १९५६ मध्ये, सोळा वर्षांचे असताना, भावंडांबरोबर ते ट्रॉय गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात सभासदाचे कार्ड मागायला गेले होते. ग्रंथालय फक्त गोऱ्यांसाठी आहे, असे सांगून त्यांना परत पाठवले. १९९८ साली ते आपल्या पुस्तकावर सह्या करायला त्याच ग्रंथालयात गेले, तेव्हा त्यांना कार्ड देण्यात आले.