विम्याच्या धंद्यातील ओळख आणि विद्या

वाणिज्यशाखेची पदवी घेऊन विम्याच्या धंद्यात पडू पाहणाऱ्या तरुणास आपल्याकडे दोन प्रकारचे उपदेशक हटकून भेटतात. एकाचे म्हणणे, पदवीवाचून आजच्या स्पर्धेत टिकाव लागावयाचा नाही. दुसऱ्याचे म्हणणे, पदवी भिंतीवर टांगावी आणि सोयरेधायरे, शाळासोबती, तालुक्याचे पुढारी यांच्या ओळखी वाढवाव्या. परंतु विमा हा कागदावरील विश्वासाचा धंदा आहे, आणि कागदावर लोकांचा विश्वास कसा बसतो व कसा उडतो हे पाहिल्यावाचून या वादाचा निकाल लागणे कठीण. त्या दृष्टीने पुण्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांचा मुलूख फार बोधप्रद आहे.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडविले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे शेत कोणी कसावयाचे नाही, त्यांच्या दुकानाची पायरी कोणी चढावयाची नाही, जो हा करार मोडील त्याच्याशी गावाने व्यवहार ठेवावयाचा नाही. हे लोण गावोगाव पसरले, आणि १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, त्याचे दंग्यात रूपांतर झाले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडीत होते, आणि आजच्या दौंडचाही मुलूख त्याच भीमथडीत मोडत असे. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले की ते जाळावयाचे, एवढाच बहुतेक ठिकाणी कार्यक्रम. १८७९ चा डेक्कन शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा हे त्या आगीचे फळ होय.

मुद्रांकित, साक्षीदारांनी सजविलेला रोखा येथे जळाला, आणि गावकऱ्यांचा परस्परांतील करार मात्र कोर्टाच्या मदतीवाचून टिकला, हे विसरू नये. लोक एकमेकांस ओळखीत होते, म्हणून तो टिकला. अशा मुलखात मुंबईच्या कंपनीचा छापील कागद घेऊन कोणी अनोळखी गृहस्थ येईल आणि म्हणेल, ‘तुम्ही वर्षानुवर्षे पैसे भरा, तुमच्या पश्चात आम्ही देऊ,’ तर त्याचे स्वागत कसे झाले असते, हे सांगावयास नको.

कंपन्या तर त्याच सुमारास निघत होत्या. बॉम्बे म्युच्युअल १८७० साली निघाली, ओरिएंटल १८७४ साली, म्हणजे करड्याच्या बहिष्काराच्याच वर्षी. त्यापूर्वी युरोपीय कंपन्या हिंदी माणसाच्या आयुष्यावर जादा हप्ता आकारीत. बॉम्बे म्युच्युअलने तो भेद मोडला. तथापि विमा प्रथम रुजला तो पगारदारांत. सरकारने १८८४ साली टपालखात्याच्या नोकरांसाठी विमा सुरू केला. दौंडहून मनमाडास जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाल्यावर दौंडास पगारी माणसांची वस्ती वाढली. शिरूर, म्हणजे आपली घोडनदी, रेल्वेवाचूनच राहिली. पेठ, सावकारी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची देवघेव हा तिचा पिंड. एका ठिकाणी ओळख नोकरीत व पाळीवर होते, दुसऱ्या ठिकाणी ती आजोबांपासून चालत आलेली असते. विम्याच्या एजंटास या दोन ओळखी सारख्याच उपयोगी पडतील असे मानणे चुकीचे आहे.

१९१२ च्या कायद्याने आयुर्विम्याच्या कंपन्यांना आपले हप्त्यांचे दर आणि ठराविक काळाने होणारे मूल्यमापन विमागणितज्ञाकडून प्रमाणित करून घेणे भाग पाडले. येथे प्रथमच विद्येस कायद्याने जागा मिळाली. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, मुंबईस सिडनहॅम कॉलेज निघाले. (डॉ. आंबेडकर तेथे १९१८ ते १९२० पर्यंत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते.) त्याच १९१३ साली साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी स्थापिली. मुंबईस शास्त्र होते, साताऱ्यास शेजार होता.

परंतु खरी परीक्षा पुढे आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यात एक कलम असे होते की, पुरुषाने बायकोच्या व मुलांच्या हितासाठी, तसे पॉलिसीवर स्पष्ट लिहून, विमा उतरविला तर ती रक्कम विश्वस्तनिधी समजावी. धनकोला तिला हात लावता येऊ नये. धनकोस फसविण्यासाठीच पॉलिसी घेतली असे ठरले, तर तिच्या रकमेतून येणे वसूल करण्याचा त्याचा हक्क राही. हे संरक्षण आपल्या इलाख्यातील हिंदूंना मिळाले १ एप्रिल १९२३ पासून. करड्याच्या देशमुखांच्या घरावर जो घाव पडला, तो निदान विधवेच्या हाती येणाऱ्या विम्याच्या पैशावर पडू नये, एवढी सोय झाली. पण ती आपोआप होत नसे. ते वाक्य कागदावर लिहावे लागे. ओळखीचा एजंट घरात येई, चहा घेई, सही घेऊन जाई. हे कलम त्याला ठाऊक नसले तर त्याच्या स्नेहाचा त्या घरास कितीसा उपयोग? उलट ज्याला कलम तोंडपाठ होते तो मुंबईस बसलेला. त्याच्यापुढे शिरूरचा कर्जबाजारी बागाईतदार आपल्या डोक्यावरील कर्जाचा आकडा कशास उघड करील? बायकोलाही न सांगितलेली गोष्ट माणूस ओळखीच्यालाच सांगतो.

ओळखीची दुसरीही बाजू होती. आपल्या दलालीतून पहिल्या हप्त्यात सूट द्यावयाची, भिडेखातर पॉलिसी गळ्यात घालावयाची, आणि दुसऱ्या वर्षी ती बंद पडली तरी फिरकावयाचे नाही, ही रीत बोकाळली. १९३८ च्या कायद्याने एजंटास परवाना आवश्यक केला व सूट देणे हा गुन्हा ठरविला. त्याच कायद्याने नाव नोंदविण्याची सोय केली. पण नाव लागले म्हणजे पैसा त्याचाच झाला, ही समजूत घरोघर पक्की बसली. वास्तविक नाव लागलेला माणूस केवळ रक्कम स्वीकारणारा, मालकी वारसांची, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली स्पष्ट केले. आईबाप, पतिपत्नी व मुले यांच्यापुरता हा नियम २०१५ च्या दुरुस्तीने बदलला. या मधल्या काळात भावाभावांत किती भांडणे झाली असतील!

१९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विमा सरकारी केला तेव्हा २४५ कंपन्या व सोसायट्या एका महामंडळात आल्या. देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले. व्यापाराची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, हे पदवीभक्तांनी लक्षात ठेवावे. महामंडळाने एजंट कायम ठेवला आणि त्याच्यावर विकास अधिकारी नेमला. खाजगी कंपन्यांस दार पुन्हा उघडले त्या २००० साली एजंटासाठी जो नियम झाला तो मोठा मार्मिक आहे: ५,००० वा अधिक वस्तीच्या गावी बारावी, त्याहून लहान गावी दहावी पुरे. जणू लहान गावातील ओळख दोन वर्षांच्या शाळेबरोबरीची धरली!

एजंटाला आजही पदवीची अट नाही. पण रांजणगावच्या कारखान्याचा आगीचा विमा किंवा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्याची जोखीम सोयरिकीवर ठरत नाही. तेथे ताळेबंद वाचता यावा लागतो, आणि तेथली ओळखही निराळी: बालेवाडीच्या राष्ट्रीय विमा अकादमीत एका बाकावर बसलेले पुढे एक कंपनीत, दुसरा दलालाच्या पेढीत, तिसरा सर्वेक्षकांत असे विखुरतात आणि एकमेकांस विचारून काम करतात. पदवी मिळविताना ही सोबत मिळते, तिला उपदेशक हिशेबात धरीत नाहीत. न्हावऱ्याचा वा पाटसचा ऊस उत्पादक मात्र अजून प्रस्तावाचा कागद पुढे आला की प्रथम विचारतो, तुम्ही कोणाचे? त्याचे उत्तर देऊन झाल्यावर, कर्ज किती आहे आणि पॉलिसी बायकोच्या हितासाठी लिहावयाची का, हे त्याला विचारावयाचे आहे.