व्यापारी मालमत्तेचा विमा : काय मिळते याइतकेच काय वगळले आहे तेही पाहा

पुणे, प्रतिनिधी - २६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातील फॅशन स्ट्रीटला आग लागली आणि काही तासांत सुमारे ५०० दुकाने भस्मसात झाली. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचे पाणी दक्षिण पुण्यातील वस्त्यांत आणि दुकानांत शिरले होते. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर पहिला प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे ‘विमा होता का?’ वास्तविक त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. ज्या कारणाने आणि ज्या वस्तूचे नुकसान झाले, ते कारण आणि ती वस्तू विम्यात बसते का? याचे उत्तर विमापत्राच्या मागच्या पानांवर, बारीक अक्षरांत छापलेल्या अपवादांच्या कलमांत असते. वर्षानुवर्षे हप्ता भरणारे अनेक व्यापारी ही पाने दावा नाकारला गेल्यावरच उघडतात.

दोन चाळण्या

दुकाने, गोदामे आणि कारखान्यांसाठी देशात दीर्घकाळ ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ ही पॉलिसी प्रचलित आहे. पूर्वी तिचे दर आणि शब्दरचना अखिल भारतीय अग्निविमा दरपत्रकाने ठरत असे. १ जानेवारी २००७ पासून दरांवरील बंधन उठले. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यावसायिकांसाठी दोन प्रमाणित योजना लागू केल्या. एका ठिकाणच्या मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, आणि ५ कोटींहून अधिक पण ५० कोटींपर्यंत असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. तपशिलात फरक असला, तरी या सर्व पॉलिस्यांचा सांगाडा एकच आहे.

त्या ‘कशानेही नुकसान झाले तरी भरपाई’ असे आश्वासन देत नाहीत. आग, वीज कोसळणे, स्फोट, वादळ, पूर, दंगल, भूस्खलन, पाण्याची टाकी फुटणे अशी कारणांची यादीच त्यांत दिलेली असते. यादीत नसलेले कारण पहिल्याच चाळणीत गळते. छत जुने झाल्याने पावसाळ्यात हळूहळू झिरपलेले पाणी आणि त्याने भिजलेला माल हे याचे नेहमीचे उदाहरण. नादुरुस्त छताची गळती म्हणजे पूर नव्हे. दुसरी चाळणी अपवादांची. कारण यादीत असले, तरी विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट वस्तूंबाबत किंवा विशिष्ट मर्यादेपुढे भरपाई मिळत नाही. हे अपवाद मनमानीने घातलेले नसतात. त्यांमागील हेतू ध्यानात घेतल्यास ते लक्षात ठेवणे सोपे जाते.

कंपनीला न पेलणारे धोके

युद्ध, परकीय आक्रमण, किरणोत्सर्ग यांमुळे होणारी हानी एकाच वेळी इतकी व्यापक असते, की ती कोणतीही कंपनी सोसू शकत नाही. त्यामुळे या बाबी जवळपास प्रत्येक पॉलिसीत वगळलेल्या असतात.

दहशतवादी कृत्यांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर जागतिक पुनर्विमा कंपन्यांनी ही जोखीम घेण्यास नकार दिला. तेव्हा भारतातील कंपन्यांनी एकत्र येऊन १ एप्रिल २००२ पासून दहशतवाद जोखमीचा सामायिक निधी उभारला. त्याचे व्यवस्थापन ‘जीआयसी री’कडे आहे. प्रचलित अग्निविम्यात मात्र हे संरक्षण जादा हप्ता भरून स्वतंत्रपणे घ्यावे लागते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटाने पुण्याला या धोक्याची जाणीव करून दिली. ‘स्फोट’ हा शब्द पॉलिसीच्या यादीत असतोच. पण तो दहशतवादी कृत्याचा भाग असेल आणि जादा संरक्षण घेतलेले नसेल, तर दुसऱ्या चाळणीत दावा गळतो.

प्रचलित अग्निविम्यात भूकंपाचे संरक्षणही स्वतंत्रपणे जोडावे लागते. २०२१ च्या दोन्ही नव्या योजनांत ते अंतर्भूत आहे. १९६७ चा कोयना आणि १९९३ चा किल्लारी भूकंप पाहता राज्यातील व्यापाऱ्याने ही बाब किरकोळ मानू नये.

ज्याची पॉलिसी वेगळी

दुसरा गट ‘यासाठी दुसरा विमा घ्या’ असे सांगणाऱ्या अपवादांचा आहे.

चोरी : अग्निविमा म्हणजे चोरीचा विमा नव्हे. आग विझवण्याच्या धांदलीत माल पळवला गेला, तर जुन्या पॉलिसीत त्याची भरपाई नाही. २०२१ च्या योजनांत दुर्घटनेपासून ७ दिवसांच्या आत, तिच्याच परिणामी झालेली चोरी समाविष्ट केली आहे. घरफोडीचा स्वतंत्र विमा असला, तरी त्यातील व्याख्या पाहणे आवश्यक आहे. हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले, की पॉलिसीत बळजबरीने प्रवेश ही अट असेल, तर कुलूप-दरवाजा न फोडता झालेल्या चोरीला भरपाई मिळणार नाही.

विजेची यंत्रे : शॉर्टसर्किट, जादा दाब किंवा अतितापाने जळालेली मोटार वा पॅनेल वगळलेले असते. मात्र हा अपवाद त्या एका यंत्रापुरताच आहे. त्यातून आग पसरून शेजारचा माल जळाला, तर त्याची भरपाई देय असते. ‘शॉर्टसर्किट होते, म्हणून काहीच मिळणार नाही’ हा समज चुकीचा आहे. यंत्राच्या बिघाडासाठी स्वतंत्र विमा मिळतो.

बुडालेला धंदा : आगीनंतर दुकान चार महिने बंद राहिले तर नफा, पगार आणि भाड्याचा खड्डा मालमत्तेच्या विम्यातून भरून निघत नाही. त्यासाठी नफाहानीची पॉलिसी घ्यावी लागते आणि तीही सामान्यतः मालमत्तेचे प्रत्यक्ष नुकसान झाले असेल तरच लागू होते. २०२० च्या टाळेबंदीत बाजारपेठा ओस पडल्या. पण भिंत पडली नव्हती की माल जळाला नव्हता. नफाहानीची पॉलिसी असूनही केवळ व्यवसाय बंद राहिल्याबद्दल दावा का करता येत नाही, याचे उत्तर या अटीत आहे.

शीतगृहातील माल : तापमान बदलल्याने नासलेली फळे, दूध वा औषधे मूळ पॉलिसीत येत नाहीत. त्यासाठी जोडसंरक्षण घ्यावे लागते.

अपघात नव्हे, तो स्वभावधर्म

विमा आकस्मिक घटनेचा असतो. मालाने आपल्या गुणधर्मानेच आतून तापून पेट घेतला, किंवा वाळवणीच्या प्रक्रियेत माल करपला, तर प्रचलित अग्निविम्यात त्या मालाची भरपाई नाही. इमारत नैसर्गिकरीत्या खचून पडलेल्या भेगा, सदोष आराखडा वा निकृष्ट बांधकाम हेही वगळलेले आहे.

पुण्यासाठी विशेष महत्त्वाचा अपवाद खोदकामाचा आहे. पेठांत जुने वाडे पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि शेजारच्या जागेत पायासाठी खोल खड्डे घेतले जातात. त्यामुळे जमीन खचून आपल्या दुकानाची भिंत कलली, तर भूस्खलनाच्या कलमात पाडकाम, बांधकाम वा खोदकामामुळे झालेली हानी वगळली असल्याचे आढळते. अशा वेळी नुकसानभरपाईचा रोख खोदकाम करणाऱ्याकडे वळवावा लागतो. त्याचप्रमाणे परक्या वाहनाची धडक विम्यात बसते. आपल्याच टेम्पोने आपलेच शटर तोडले, तर बसत नाही.

या वस्तू आपोआप समाविष्ट नसतात

सोन्या-चांदीच्या लगडी, न जडवलेली रत्ने, रोकड, धनादेश, रोखे, हस्तलिखिते, नकाशे, हिशेबाच्या वह्या, संगणकातील नोंदी आणि स्फोटके यांचा विमापत्रात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय संरक्षण मिळत नाही. प्रचलित पॉलिसीत कलावस्तूंवरही १० हजार रुपयांची मर्यादा आहे. सराफांसाठी म्हणूनच ‘ज्वेलर्स ब्लॉक’ ही निराळी पॉलिसी असते.

नकळत थांबणारे संरक्षण

काही कलमे विमा चालू असतानाच तो निष्प्रभ करतात. इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली, दुकानातील व्यवसाय बदलून धोका वाढला, किंवा माल दुसऱ्या गोदामात हलवला, तर कंपनीची पूर्वसंमती घेऊन तशी नोंद करावी लागते. कापडाच्या दुकानासाठी घेतलेला विमा, त्याच जागेत रंग आणि थिनर साठवू लागल्यावर पूर्ववत राहत नाही. नूतनीकरणाच्या वेळी केवळ धनादेश देऊन मोकळे होणाऱ्या व्यापाऱ्यांना या कलमांचा फटका बसण्याची शक्यता सर्वाधिक असते.

कात्री कोठे लागते?

दावा मंजूर झाला तरी पूर्ण रक्कम हाती येईलच असे नाही. प्रचलित पॉलिसीत पूर, वादळ यांसारख्या नैसर्गिक आपत्तींत प्रत्येक दाव्याच्या ५ टक्के, किमान १० हजार रुपये, विमाधारकाने सोसायचे असतात. पुराचे नुकसान ६ लाख ठरले, तर ३० हजार वजा होऊन ५ लाख ७० हजार मिळतील. मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या १ टक्क्यापर्यंतच दिला जातो.

याहून मोठी कात्री अपुऱ्या विम्याची. समजा गोदामात ४० लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी २० लाखांचाच विमा उतरवला आहे. आगीत १० लाखांचे नुकसान झाले, तर ‘विमा २० लाखांचा आहे, मग १० लाख मिळतील’ असा हिशेब चालत नाही. विमा निम्म्याच किमतीचा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे ५ लाख मिळते. २०२१ च्या नव्या योजनांत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली जाते. त्यापुढे हेच गणित लागू होते.

न्यायालयांचा कौल

अपवादाचे कलम म्हणजे कंपनीच्या हातातील ब्रह्मास्त्र नव्हे. गोव्यातील झुआरी इंडस्ट्रीजच्या खत कारखान्यात मुख्य विद्युत फलकात आग लागून वीजपुरवठा तुटला आणि परिणामी बॉयलरची हानी झाली. हानी आगीने नव्हे तर वीज गेल्याने झाली, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. घटनांच्या साखळीतील मूळ आणि परिणामकारक कारण आगच होते, ती किती वेळ जळत होती हे गौण आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो फेटाळला.

टेक्सको मार्केटिंग प्रकरण तळघरात दुकाने असलेल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे. दुकान तळघरात असताना त्याला अग्निविमा दिला गेला आणि त्याच पॉलिसीत तळघर वगळणारे कलम होते. ज्या जागेचा विमा घेतला ती जागाच वगळणारे कलम कराराचा हेतूच नष्ट करते, असे म्हणत न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०२२ रोजी विमाधारकाच्या बाजूने निकाल दिला. अपवाद ग्राहकाला आधी सांगणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, हेही या निकालाने अधोरेखित केले. कोलकात्याजवळील वेदिक रिसॉर्टच्या प्रकरणात, अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवरच असते, असे २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट झाले.

मात्र या विजयांमागे अनेक वर्षांची कोर्टबाजी आहे. लहान दुकानदाराला ती परवडणारी नसते. त्यामुळे निकालाच्या भरवशावर राहण्यापेक्षा सहीपूर्वी अर्धा तास विमापत्र वाचणे शहाणपणाचे.

दावा नाकारला तर

कंपनीने कोणत्या कलमान्वये दावा नाकारला ते लेखी मागावे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागून घ्यावी. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे दाद मागावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालाकडे जाऊ शकतात. पुण्याचे लोकपाल कार्यालय नारायण पेठेत आहे. तेथे शुल्क वा वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर लोकपालांना ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा देता येतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. तेथे मुदत २ वर्षांची आहे.

नूतनीकरणापूर्वी हे तपासा

- विमापत्रावरील पत्ता, मजला, तळघर आणि व्यवसायाचे वर्णन वस्तुस्थितीशी जुळते का?
- पूर आणि वादळाचे संरक्षण कायम आहे का? हप्ता कमी करण्यासाठी ते वगळले तर नाही ना?
- भूकंप, दहशतवाद, घरफोडी, यंत्रबिघाड आणि नफाहानी यांपैकी काय घेतले आहे, काय नाही?
- विम्याची रक्कम सणासुदीच्या काळातील मालाच्या साठ्याला पुरेशी आहे का?
- मालाच्या नोंदी आणि बिलांची प्रत दुकानाबाहेर सुरक्षित ठेवली आहे का?
- एजंटाने तोंडी दिलेले आश्वासन पॉलिसीत लेखी उतरले आहे का?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर एजंटाचे शब्द विचारात घेत नाही. तो विमापत्र उघडतो. तेव्हा ते त्याच्या आधी आपण उघडलेले बरे.