जर्नलमधली चूक आणि मोनोपॉलीचा वंश

बीएस्सीला प्रॅक्टिकलचं जर्नल कुणाचं तरी बघून उतरवलं असेल, तर सर कसे पकडतात हे तुम्हाला चांगलं ठाऊक असेल. बरोबर उत्तरांवरून नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येणार. ते पकडतात चुकीवरून. दोघांच्याही तक्त्यात चौथं रीडिंग तितकंच आणि तसंच चुकलंय म्हटल्यावर बोलणंच खुंटतं. हस्तलिखितांचे अभ्यासक पोथ्यांची वंशावळ याच तर्कानं लावतात, आणि आम्ही जीवशास्त्रवाले सजीवांची.

आज या तर्काचं उदाहरण घेऊ, पण प्रयोगशाळेतलं नाही, एका खेळाचं.

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही 'व्यापार' खेळला असाल. शहरं विकत घ्यायची, घरं बांधायची, भाडं उकळायचं आणि धाकट्या भावाला दिवाळखोर करून रडवायचं. तो ज्यावरून आला तो अमेरिकी खेळ म्हणजे मोनोपॉली. त्याच्या जन्माची कथा कित्येक दशकं अशी सांगितली जायची: महामंदीत नोकरी गेलेल्या फिलाडेल्फियाच्या चार्ल्स डॅरो नावाच्या विक्रेत्यानं घरी बसून तो शोधला, १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीनं विकत घेतला, आणि डॅरो श्रीमंत झाला.

ही कथा कुणी तपासायला घेतली? इतिहासकारानं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत अर्थशास्त्र शिकवणारे राल्फ ॲन्सपाक यांनी १९७३ मध्ये 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ स्वतःच बाजारात आणला होता. पार्कर ब्रदर्सनं नावाला हरकत घेतली आणि १९७४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. 'मोनोपॉली' हे नाव कंपनीच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होतं, हे दाखवता आलं तरच त्यांचा खेळ वाचणार होता. म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू, पण नीट झाला नाही तर घरदार पणाला.

शोधता शोधता हाती आलं एक पेटंट. क्रमांक ७४८,६२६, तारीख ५ जानेवारी १९०४, नाव एलिझाबेथ मॅगी, खेळ 'लँडलॉर्ड्स गेम'. चौकोनी पट, चार रेल्वे, कोपऱ्यात तुरुंग, फेरी पूर्ण झाली की १०० डॉलर मजुरी. मॅगी स्टेनोग्राफर होत्या आणि हेन्री जॉर्ज यांच्या विचारांच्या. जमिनीचं भाडं मूठभरांच्या खिशात जातं, म्हणून कर फक्त जमिनीवर लावा, असं जॉर्ज सांगायचे. हे व्याख्यानातून पटत नाही तर खेळातून अंगावर येऊ दे, हा मॅगींचा हेतू. १९०६ मध्ये त्यांनी आणि त्याच मताच्या काही मंडळींनी 'इकॉनॉमिक गेम कंपनी' काढून न्यूयॉर्कमधून तो प्रकाशित केला. मोठा प्रकाशक नाही, दुकानांची साखळी नाही. आजच्या भाषेत अगदी स्वतंत्र खेळ-निर्मिती.

इथे थोडं थांबा. पेटंट सापडलं म्हणजे सिद्ध झालं, असं वाटतंय ना? नाही झालं. साम्य म्हणजे वंश नव्हे. डॅरोला तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली असेल, असं म्हणायला जागा उरतेच. मधली साखळी दाखवायला हवी.

ती साखळी दुकानातून गेलेलीच नव्हती. डेलावेअरमधल्या आर्डन या जॉर्जवादी वसाहतीत लोक खेळ शिकले. तिथे राहणारे प्राध्यापक स्कॉट नीअरिंग यांनी तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आपल्या विद्यार्थ्यांना शिकवला. पुढे तो कॉलेजाकॉलेजांतून पसरला. पट विकत कोण घेतंय? मेणकापडावर, कागदावर हातानं काढायचा, आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालायची, झालं. नियमही तोंडी. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी त्यावर आपल्या शहरातले रस्ते घातले. तिथून तो चार्ल्स टॉड यांच्याकडे गेला आणि त्यांनी तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅरो दांपत्याला शिकवला. डॅरोनं त्यांच्याकडून नियमही लिहून घेतले.

हे कळलं ते म्हाताऱ्या झालेल्या खेळाडूंच्या आठवणींतून. आठवणी तारखांच्या बाबतीत कच्च्या असतात, हे तुमचा गाइड सांगेलच. पण एक पुरावा कुणाच्याही आठवणीवर अवलंबून नव्हता. अटलांटिक सिटीजवळ एक वस्ती आहे, मार्व्हेन गार्डन्स. मार्गेटमधलं 'मार' आणि व्हेंटनरमधलं 'व्हेन', दोन शेजारच्या गावांची मिळून झालेली. टॉडनी पट काढताना चुकून 'मार्व्हिन' लिहिलं. डॅरोच्या पटावर 'मार्व्हिन'. पार्कर ब्रदर्सच्या छापील पटावरही 'मार्व्हिन'. चौथं रीडिंग!

मग मॅगींचं नाव कुठे गळलं? माझ्या मते हातानं काढलेल्या पटातच. प्रत्येक नकलेत रस्ते आले, तुरुंग आला, निर्मातीचं नाव मात्र कुणी उतरवलं नाही. खेळ जितका पसरला तितकं ते पुसलं गेलं. पहिलं पेटंट १९२१ मध्ये संपलं. त्यांनी १९२४ मध्ये दुसरं घेतलं, ते पार्कर ब्रदर्सनं १९३५ मध्ये ५०० डॉलरना विकत घेतलं, रॉयल्टी नाही. जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात त्यांनी आपले जुने पट दाखवून तक्रारही केली. पण मंदीतल्या बेकार माणसाची कथा खोक्याबरोबर विकली जात होती, ही नव्हती.

ॲन्सपाक आधी हरले. १९७७ मध्ये कोर्टाच्या आदेशानं त्यांच्या खेळाचे सुमारे ४०,००० संच मिनेसोटातल्या मँकाटो इथे कचराडेपोत पुरले गेले. १९८२ मध्ये अपील न्यायालयानं निकाल फिरवला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घालायला नकार दिला. गंमत बघा, अपिलात निर्णायक ठरली ती ग्राहकांची पाहणी: सुमारे ६५ टक्क्यांनी म्हटलं होतं की आम्हाला खेळाशी मतलब, बनवतं कोण याच्याशी नाही. इतकी वर्षं खणून काढलेला इतिहास खरा होता, पण खटल्याचा प्रश्न निराळा होता. निर्माती कोण, हे कोर्टाला ठरवायचंच नव्हतं.

मॅगी १९४८ मध्येच गेल्या होत्या. १९४० च्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे व्यवसाय लिहिलाय, खेळ तयार करणारी. उत्पन्नाच्या रकान्यात ०.