शालेय सुरक्षितता : मुख्याध्यापकांचा संवाद व देखरेख (पेडणे व डिचोली, गोवा)

अपघात, आपत्ती, मारहाण, छळ व लैंगिक अत्याचार यांपासून विद्यार्थ्यांचे संरक्षण करणारी शाळेतील व्यवस्था. सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून असलेल्या या दोन तालुक्यांतील शाळा पर्वरी येथील शिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. तालुक्याची जबाबदारी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे असते.

कायदेशीर आधार : गोवा बाल कायदा, 2003 ने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. शिक्षण हक्क कायदा, 2009 ने मानसिक छळही निषिद्ध ठरवला आणि शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे बंधन घातले. पॉक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालील कर्मचाऱ्याचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम 21 अन्वये त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शाळेचे नाव राखण्यासाठी प्रकरण ‘आपसात मिटवणे’ हा म्हणूनच गुन्हा आहे.

देखरेख : मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना आणि बालरथात (शाळेच्या बसमध्ये) मुले चढता-उतरताना धोका अधिक असतो. स्वच्छतागृहाची वाट, जिना, मागचे आवार येथे ठरलेल्या शिक्षकाची फेरी हवी. गावातील अनेक सरकारी प्राथमिक शाळांत एक-दोनच शिक्षक असल्याने मुख्याध्यापकालाच वर्गही घ्यावा लागतो. तेथे पालकांची साथ अपरिहार्य ठरते. डिचोलीत खनिजवाहू ट्रकांचे रस्ते आणि साखळीत वाळवंटी नदीचा पूर, तर पेडण्यात मोप विमानतळानंतर वाढलेली वाहतूक हे स्थानिक धोके होत.

संवाद : हजेरीत गैरहजर दिसलेल्या मुलाच्या घरी पहिल्या तासालाच फोन गेला, तर वाटेत काही घडल्यास ते वेळीच कळते. अतिवृष्टीमुळे शाळा लवकर सोडताना निरोप प्रत्येक पालकापर्यंत पोचल्याची खात्री करावी लागते. घरी कोणी नसेल, तर मुलाला शाळेतच थांबवून घ्यावे लागते. पालक-शिक्षक संघाच्या सभेत गुणांइतकीच सुरक्षिततेची चर्चा आवश्यक आहे. 1098 हा बालमदत क्रमांक मुलांना वाचता येईल असा भिंतीवर लिहावा.

मूल्यमापन : तक्रारी नाहीत म्हणून शाळा सुरक्षित, असे मानणे घातक आहे. मूल न घाबरता मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बोलते, त्याच दिवशी त्याची दखल घेतली जाते आणि तक्रार केल्याबद्दल त्याला त्रास होत नाही, हीच सुरक्षित शाळेची खरी कसोटी होय.